ईझी म्हणजे थांबा

ग्लोरियाच्या मुलीचा, डॉनाचा फोन आला तेव्हा मी परळच्या घरी आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरत होते. "आंटी, मम्मीला ट्रकने उडवलं. रे रोडला. संपलं सगळं..." मी गवारीच्या डब्याला झाकण लावलं, गॅस बंद केला, कोणाकोणाला कळवायचं ते कागदावर लिहिलं आणि मग जमिनीवर बसले. त्याला आता पाच आठवडे झाले. वखारीतून बाहेर पडणाऱ्या ट्रकने ग्लोरियाची स्कूटर कुंपणापर्यंत फरफटत नेली होती.

ती ठाकूरद्वारची, मी डिलाईल रोडची. इंजिनीअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. ग्लोरिया बोलण्याआधी हात उचलायची. बसमध्ये मागून चिकटणाऱ्या एका माणसाचं तिने छत्रीने नाक फोडलं आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? बॅग धर त्याची, पळेल ना तो!" पुढे शिकायला आम्ही दोघी इंग्लंडला एकाच विद्यापीठात गेलो. पहिल्याच आठवड्यात तिने नदीवर वल्हवणाऱ्या मुली पाहिल्या आणि ती वेडी झाली. "चल गो, तिकडे आपल्याला कोण शिकवणार हे?" फॉर्मवर प्रश्न होता, पोहता येतं का? मला येत नव्हतं. पण बाकीच्या सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण झाली होती. मी तिथेही करून टाकली.

लांब, अरुंद नाव. आठ जणी एकीमागे एक, आणि नाव जाते त्या दिशेला सगळ्यांची पाठ. ग्लोरिया अगदी शेवटच्या जागेवर, तिच्या पुढ्यात मी. मी काय करते आहे ते फक्त तिलाच दिसत होतं. दुसऱ्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसलेली मुलगी हुकूम सोडत होती, तीही नवखीच; मधल्या सहा जणींआड मी तिला दिसत नव्हते. पुलाजवळ आलो आणि ती किंचाळली, "ईझी!" वल्हवणाऱ्यांच्या भाषेत ईझी म्हणजे थांबा. काठावर तसं सांगितलंही होतं. पण आमच्या चाळीच्या जिन्यावरून कपाट उतरवताना बाप्ये ओरडायचे, "ईझी, ईझी!" म्हणजे हळूहळू चालू ठेव, सोडू नकोस. मी हळूहळू चालू ठेवलं. सात वल्ही थांबली, माझं एकटं चालत राहिलं. नाव वळली आणि पुलाच्या दगडी खांबावर आदळली.

धक्क्याने मी मागे फेकले गेले. माझं डोकं ग्लोरियाच्या तोंडावर बसलं, आणि दात तुटल्याचा आवाज मला कवटीतून ऐकू आला. मग बर्फासारखं पाणी. मी खाली जात होते. कोणीतरी मुळापासून उपटावेत तसे माझे केस ओढले. काठावर आणून ग्लोरियाने मला दोन थोबाडीत दिल्या. तिचे पुढचे दोन दात नव्हते, हनुवटीवरून रक्त वाहत होतं. "पोहता येत नाही आणि हो लिहिलंस? मेली असतीस, गाढवे!"

शिकवणारा धावत आला. कोण थांबलं नाही? मी तोंड उघडलं, तेवढ्यात ग्लोरियाने माझ्या नडगीवर लाथ घातली. "मी," ती म्हणाली. नंतर मला म्हणाली, "तुझी खोटी खूण बाहेर आली तर पहिल्या विमानाने घरी पाठवतील. गप बस."

तिला पुन्हा नावेत घेतलं नाही. सुजलेल्या तोंडाने ती सकाळी काठावर उभी राहून बाकीच्यांना बघायची. एकदा स्वयंपाकघरात तिने भरलेली काचेची ताटली भिंतीवर फेकली. "तुला नकोच होतं ते! मला हवं होतं." काचा मी गोळा केल्या. खरं सांगायला मात्र गेले नाही, त्या दिवशीही नाही.

मुंबईला परतल्यावर तिचे दोन खोटे दात हा घरातला विनोद झाला. दर नाताळच्या जेवणाला कोणीतरी सुरू करायचंच, "मम्मीला साधं ईझी कळलं नाही!" सगळ्यांत मोठ्याने ग्लोरिया हसायची आणि टेबलाखालून मला लाथ मारायची. मीही हसायचे. सत्तावीस वर्षं.

तिच्या महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, आम्ही ठाकूरद्वारच्या घरी बसलो होतो. डॉना रडता रडता तोच विनोद सांगू लागली. "मम्मी ना, इतकी बावळट..." मी म्हटलं, "ती नव्हती गं. मी होते." आणि सगळं सांगितलं.

डॉनाने माझे दोन्ही खांदे धरून मला कपाटावर आदळलं. "आणि तुम्ही आमच्याबरोबर हसत होतात? तिच्यावर?" तिच्या वडिलांनी तिला मागे ओढलं. माझी कोपरं सोलवटली होती. मी माफी मागायला लागले तर ती ओरडली, "मला नको सॉरी! ज्यांच्या ज्यांच्यासमोर हसलात, त्यांना सांगा. एकेकाला!"

घरी येऊन मी त्या जेवणांना आलेल्या माणसांची नावं आठवून लिहून काढली. त्रेचाळीस निघाली. फोन करते आहे. एकाने मधेच फोन ठेवला. अकरा जणांचे नंबर काही केल्या मिळत नाहीत... त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. ग्लोरियाला ईझी कळलं होतं. ती थांबली होती.