बाहेरून काढलेला जिना

मी परभणीत इमारतींची डिझाइनं करते. कॉलम किती जाड हवा, बीममध्ये सळई किती घालायची, हे ठरवायचं माझं काम. ताडकळसच्या आमच्या घराचं काम मात्र मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मागच्या वर्षी दादाचा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. आम्ही तिघं भावंडं, मी शेंडेफळ. थोरल्याला मी दादा म्हणते, मधल्याला भाऊ. दोघांची शेती एकत्र, आणि तेव्हा दोघांचे संसारही एकाच घरात होते. आई त्यांच्यातच.

“गच्चीवर दोन खोल्या काढायच्यात,” दादा म्हणाला. “जिना बैठकीतून घे. पावसात भिजत वर जायचं काम न्हाई.”

मी जाऊन मापं घेतली आणि घरात बसेल असा, अर्ध्यावर वळणारा जिना काढला. मधलं लँडिंग, म्हणजे वळणावरची सपाट जागा, मागच्या भिंतीतल्या बीमवर टेकवलं. सोपं काम होतं. नकाशा पोचला आणि भाऊचा फोन आला.

“जिना बाहेरून काढ.”

“दादाला विचारलंस का?”

“त्यानंच सांगितलंय.”

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, “मी कुठं म्हणलो? भाऊच म्हणायलाय.” आणि वर म्हणाला, “पण काढ बाहेरूनच.”

मला काही उमजेना. बाहेर काढायचा तर लँडिंग टेकवायला काही नव्हतं. मी खाली दोन कॉलम दिले. दादा म्हणाला, तिथं ट्रॅक्टर वळतो, कॉलम नकोत. मग मी वळण काढून टाकलं आणि घराच्या बाजूनं सरळ वर जाणारा जिना केला. खाली अंगणात एक बीम, वर गच्चीच्या कडेला दुसरा, आणि मध्ये आधार कशाचाच नाही. चढताना दम घ्यायला मध्ये लँडिंग ठेवलं, पण तेही अधांतरीच. एवढा लांब जिना म्हणजे पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब जाड होणार, त्याचं वजन वाढणार, त्या वजनापायी सळईही वाढणार. लँडिंगखाली एक कॉलम घेऊ द्या, काम हलकं होईल, असं मी दोघांना सांगून पाहिलं. दोघंही नको म्हणाले. त्या अख्ख्या कामात त्यांचं उघड एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

मग भाऊनं वरच्या एका खोलीत ओटा आणि मोरी मागितली. पाण्याची टाकीही वेगळी.

“भाडेकरू ठेवायचाय का?” मी विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

मला वाटलं, एखादा शिक्षक ठेवणार असतील. गावात शिक्षकांना खोल्या लागतात.

काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या बसनं गेले. सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या होत्या, सळई बांधून झाली होती. दादा एका बाजूला उभा, भाऊ दुसऱ्या बाजूला. मिस्त्री वर बसून तार आवळत होते. मी वाकून बघितलं आणि थबकले. जिन्याच्या स्लॅबमधली तळाची सळई त्यांनी सगळीकडे एकसंध नेली होती. तिरकी चढली, लँडिंगला सपाट वळवली, पुढं पुन्हा तिरकी वर. नकाशात मी तसं दाखवलं नव्हतं.

“मिस्त्री, चढण संपून लँडिंग सुरू होतं तिथं सळई अशी वळवायची नाही. दोन वेगळ्या सळया घ्यायच्या.”

“मॅडम, लँडिंग संपून पुढची चढण लागती तिथं तर तुमीच वळवायला सांगितलंय. एकच मोड हाय की. तिथं चालती तर हितं का न्हाई?”

प्रश्न रास्त होता आणि मी क्षणभर खरंच अडकले. हा कोपरा मला कॉलेजपासून फसवत आला आहे. उत्तर माहीत असतं, पण कोणता मोड धोक्याचा आणि कोणता बिनधोक, हे दर वेळी नव्यानं डोळ्यांसमोर आणावं लागतं. भर उन्हात तिघं माझ्याकडे बघत असताना ते येईना. खालचा की वरचा? मी बोट हवेत फिरवून बघितलं, तरी गोंधळ जाईना.

शेवटी मी खडू मागितला. घराच्या भिंतीवर जिन्याचा उभा छेद काढला. चढण, लँडिंग, पुन्हा चढण. मिस्त्रींची दोरी घेतली.

“दादा, हे टोक तू धर. भाऊ, ते तू धर.”

दोघांनी टोकं धरली. दोरी जिन्याच्या तळाच्या रेघेवर बसवून मी पहिल्या मोडावर बोट दाबलं, दुसऱ्यावर मिस्त्रींनी.

“जिन्यावर वजन आलं की तळाची सळई अशी ताणली जाते. ओढा आता.”

दोघांनी ओढलं. मी बोट काढलं. चढणीहून लँडिंगकडे वळणारी दोरी सटकन खाली, रेघेच्या बाहेर गेली. मग मी माझा मोड पुन्हा दाबून धरला आणि मिस्त्रींना बोट काढायला सांगितलं. तिथली दोरी वर, स्लॅबच्या आत सरकली.

“ताणलेल्या सळईला सरळ व्हायचं असतं,” मी म्हणाले. “दुसऱ्या मोडाला ती सरळ होताना आत दबते, तिथं भीती नाही. पहिल्या मोडाला ती तळ फोडून बाहेर येईल.” हे मी त्यांना सांगत होते, तसंच स्वतःलाही.

“आता कळलं,” मिस्त्री म्हणाले आणि सळया कापायला लागले. चढणीची सळई सरळ पुढं लँडिंगच्या माथ्यापर्यंत गेली, लँडिंगची सरळ मागं पायऱ्यांकडे, दोघी कात्रीसारख्या एकमेकींना ओलांडून. भावांच्या हातात दोरी तशीच होती. दादानं आपलं टोक खाली ठेवलं आणि भाऊकडे न बघता गोठ्याकडे गेला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की सकाळपासून दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते.

जेवायला आत गेले तर आई एकटीच होती. पडवीत दुसरी शेगडी मांडलेली दिसली.

“ही कशाला?”

“धाकट्या सुनंची हाय. वर खोल्या झाल्या की वर न्यायची.” आईनं माझ्याकडं बघितलं. “वेगळे व्हायलेत की दोघं. तुला कुणीच सांगितलं न्हाई?”

मी घास हातात धरून बसले. “कामून? भांडण झालं का?”

“न्हाई.”

“वहिनींचं काही?”

“त्या दोघी तर लय गोडीनं ऱ्हायल्यात. आत्ता सोबतच मळ्यात गेल्या.”

“मग कशावरून?”

“तेच मला बी कळंना गेलंय, माय. विचारलं तर म्हणतात, असंच.”

मी तशीच उठून गोठ्यात गेले. दादा वैरण टाकत होता. “काँक्रीट थांबवू का?” मी विचारलं.

“कामून? सळई बरोबर झाली न्हाई का?”

“झाली.”

“मग होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी काँक्रीट झालं. ओली पोती टाकून पाणी मारलं. टेकू काढले तेव्हा मी पुन्हा गेले आणि लँडिंगच्या तळाशी त्या कोपऱ्यावर बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. केसाएवढीही भेग नव्हती. दसऱ्यानंतर भाऊचं बिऱ्हाड वर गेलं.

शेती अजून एकत्रच आहे. दोन्ही वहिन्या पापड एकाच दिवशी लाटतात. दादा-भाऊ बोलायला लागले, पाळीच्या पाण्याबद्दल, खताबद्दल, आधीपेक्षा जरा जास्तच. आई सकाळी खाली जेवते, संध्याकाळी कठड्याला धरून वर जाते.

संक्रांतीला गेले तेव्हा भाऊ गच्चीवर तूर वाळत घालत होता. मी विचारलं, “एवढं सगळं कशासाठी केलंत रे?”

त्यानं तूर पसरवता पसरवता विचार केला. मला वाटलं, आता सांगेल.

“मला बी नीट सांगता यायचं न्हाई,” तो म्हणाला. “दादाला विचारून बघ.”

मी खाली आले. दादा अंगणात बसला होता. मी त्याच्याजवळ बसले, पण विचारलं नाही. त्यानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि परभणीची बस किती वाजता आहे, ते विचारलं.