आबांनी नितळवलेलं पाणी

आमचे आबा पाणी आधी बघायचे, मग प्यायचे. कुणाच्याही घरी जा, पेला हातात आला की उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "पानीनी परीक्षा लेतस, पोरगीनी कधी ली नही!"

आबा म्हणजे अभिमन बैसाणे, जळगाव नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसवर सव्वीस वर्षं. शहराच्या पाण्यात तुरटी किती टाकायची हे ते सांगायचे. घरात मात्र भाजी कोणती करायची हेसुद्धा त्यांना कोणी विचारत नसे. आम्ही बौद्ध. अमळनेरकडच्या आमच्या गावात माझी आजी विहिरीपासून लांब बसून राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर रिकामी घागर. त्याच बाईचा मुलगा अख्ख्या जळगावला पाणी पाजतो, याचा आबांना केवढा गर्व! बोलत नसत, पण पेला उजेडाकडे धरताना दिसायचा.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी, बेबा, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन दोन वर्षं घरात बसलेली. अर्ज करून करून बोटं दुखली, टायपिंगनं नाही दुखली तेवढी. अशात डाळ मिलवाले बन्सीलालशेठ स्वतः जीप घेऊन आबांकडे आले. बंगल्यात त्यांनी पोहायचा तलाव बांधला होता आणि त्याचं पाणी काही केल्या नितळत नव्हतं. रविवारी मुलाच्या सासरची माणसं मुंबईहून यायची होती.

"बैसाणेभाऊ, पाणी नितळवून द्या. तुमच्या मुलीला सोमवारपासून ऑफिसात घेतो," शेठ म्हणाले.

आता सांगा, माझी नोकरी आणि त्या माणसाच्या पोहण्याचा काय संबंध? पण लागला संबंध. आबांनी रजा टाकली आणि मला बरोबर नेलं, "शेठनी तुला बघून तरी घ्यावं" म्हणून.

तलाव बघितला तर पाणी पांढुरकं, दुधाचं भांडं विसळल्यासारखं. माळी चिंधाभाऊ रडकुंडीला आलेला. "भाऊ, रोज पावडर टाकस, तरी पानी धवळंच शे!"

"रोज किती?"

"एक बादली. काल दोन टाक्यात."

आबांनी कपाळावर हात मारला. पाणी बोअरचं, आधीच जड, भांड्याला पांढरी खर धरणारं. त्यात ब्लीचिंग पावडर ओतली की ते आणखी पांढरं होणार, आणि पांढरं दिसलं की चिंधाभाऊ आणखी ओतणार. आणि पंप दिवसभर चालू, म्हणजे गाळ बसायलाही उसंत नाही. मला यातलं निम्मंच कळलं. औषधानंच आजार वाढतो म्हटल्यावर माणसानं करावं तरी काय?

आबांनी पावडर बंद केली. तलावातलं पाणी चार काचेच्या बरण्यांत भरून घरी आणलं, प्रत्येकीत तुरटी कमीजास्त टाकली आणि आईच्या चुलीपुढे मांडून बसले. आई वैतागली, "सैपाक कोठे करू, तुमना डोकावर?" आबांनी ऐकलं नाही. तिसरी बरणी आधी नितळली. त्या मापानं हिशेब करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुरटी विरघळवून तलावात फिरवली, पंप बंद केला आणि कोणी चुकून चालू करू नये म्हणून फ्यूज काढून खिशात घालून घरी आले.

शुक्रवारी सकाळी पाणी इतकं नितळ, की तळाच्या फरशीचे सांधे मोजावेत! सगळा गाळ साईसारखा खाली बसलेला. पण तो जराही न हलवता पाइपनं ओढून बाहेर काढायचा, तर कोणीतरी पाण्यात उतरायलाच हवं. चिंधाभाऊ म्हणाला, मला पाण्याची भीती. मग आबाच अर्धी चड्डी घालून उतरले. छातीएवढ्या पाण्यात पाइप धरून ते दोन तास इंच इंच सरकत होते. मी काठावर बसून बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता, इतका, की नोकरीचंसुद्धा विसरले. वरच्या गच्चीत शेठच्या आई, नर्मदाबाई, माळ ओढत उभ्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्याही बघत होत्या.

शेठनी आबांना आपल्याशेजारी खुर्ची दिली. चहा आला तो शेठच्याच कपांच्या जोडीतल्या कपात. आबांनी तो कपही उलटसुलट करून बघितला. घरी येताना म्हणाले, "माणूस चांगला आहे."

शनिवारी आबा ड्यूटीवरून आले ते बाहेर ओट्यावरच बसले. आईनं विचारलं, "काय व्हयनं?" तर म्हणाले, "शेठच्या तलावासाठी सात टँकर भरून दिले."

"कालच तर भरलेला होता!" मी म्हटलं.

"टँकरवाला म्हणतो, काल दुपारीच सगळं सोडून दिलं. तलाव घासून काढलाय."

तळाला चीर गेली असेल? पाहुण्यांसाठी ताजं पाणी हवं असेल? आणि ते दुसरं कारण, जे तिघांच्याही मनात आलं आणि कोणीच बोललं नाही. बरं, नवीन पाणी तरी कुठलं? आबांच्याच फिल्टर हाऊसचं, आबांनीच व्हॉल्व्ह उघडून दिलेलं! मग बाटलं कुठलं आणि शुद्ध कुठलं?

सोमवारी शेठची चिठ्ठी आली, कामावर या. मी चिठ्ठी फाडायला निघाले तर आबांनी हात धरला. "शेठनी शब्द पाळला ना? मग आपण कशाला संशय घ्यायचा? जा." पण रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच विचारायचे, "कळलं का काही, पाणी का सोडलं?" मी म्हणायचे नाही. शेठना विचारायला जीभ रेटत नव्हती. एवढी तोंडाळ मी, पण तिथं गप्प. पगार घेते म्हणून गप्प, की उत्तराची भीती म्हणून, देव जाणे.

दोन वर्षं गेली. दिवाळीत मोठ्या बाईंनी बंगल्यावर बोलावून माझ्या हातात, अगदी हात हातात घेऊन, फराळाचा डबा दिला. आणि आपणहून म्हणाल्या, "तुझा बाप पाण्यात उतरला होता ना, तेव्हा मीच सोडायला लावलं हो पाणी. बन्सी नको म्हणत होता. पण आमच्या वेळचं मन, पोरी. आता तसं काही नाही." आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

मी काय करायचं होतं? डबा फेकायचा होता? पाया पडायचं होतं? त्यांचा हात मऊ होता आणि मला त्या हाताचा संताप आला आणि रडूही आलं. मी डबा घेऊन घरी आले.

आबांनी विचारलंच, "कळलं का काही?"

"कळलं," मी म्हटलं. "तुरटी जरा जास्त झाली होती म्हणे. पोरांचे डोळे चुरचुरतील म्हणून सोडलं."

आबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले, आता हा माणूस परत विचारणार नाही.

मग अगदी हळू, माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "तुरटी जास्त झाली असती ना बेबा, तर पाणी नितळलंच नसतं."