काकूंच्या पाकिटातली निळ्या शिक्क्याची नोट

मंडळी, या ईमेल लिस्टवर जुन्या नोटांमधलं कुणाला कळतं का? सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

रविवारी लेकीचं बारसं झालं. शेजारच्या काकूंनी पाकिटात एकवीस डॉलर दिले होते. आज ते बँकेत डिपॉझिट करायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी एकची नोट परत सरकवली. म्हणाल्या, "ही ठेवून द्या."

बघतो तर शिक्का नेहमीसारखा हिरवा नाही, निळा! आणि वर चक्क छापलंय, ही नोट आणणाऱ्याला एक डॉलरची चांदी मिळेल.

"मग द्या की चांदी!" मी म्हटलं. बाई हसल्या. ते केव्हाच बंद झालं म्हणे. आता हा नुसता एक डॉलर, एखादा हौशी माणूस थोडे जास्त देईल इतकंच.

घरी येऊन काकूंना फोन केला. "काकू, ही नोट चुकून आली का?"

"चुकून कशी? इथल्या माझ्या पहिल्या पगारातली आहे. बारशाला चांदी द्यायची असते. या स्टेट कॉलेज गावात चांदीचे वाळे कुठे शोधू मी?"

आता तुम्हीच सांगा, काकूंना खरं सांगायचं का? मी तर "वाळे फार आवडले" एवढंच म्हणून फोन ठेवला.