अर्धा तास बूड टेकून

ताईंना बसता येत नव्हतं. म्हणजे गुडघे ठणठणीत होते, कंबर शाबूत होती, डॉक्टरांनीही काही म्हटलेलं नव्हतं. पण समोर लोक जेवत असताना आपण खुर्चीला टेकायचं, हे त्यांच्या अंगातच नव्हतं. रेस्टॉरंटात वाढपाचं काम करता करता अर्धी हयात गेली आणि तेवढ्या काळात दुपारचं जेवण त्यांनी उभ्यानेच केलं. ताटली फ्रीजवर, पाठ भिंतीला, कान हॉलकडे. एक घास तोंडात, दुसरा हातात, आणि तिसरा घ्यायच्या आत कोणीतरी पाणी मागायचंच.

घरीही तीच तऱ्हा. सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभं राहून चार घास पोटात ढकलायचे आणि लगेच भांडी घासायला घ्यायची. नवरा म्हणायचा, "अगं, घोडासुद्धा उभ्याने खातो, पण तो निदान शर्यत तरी जिंकतो." लेक नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. ती म्हणायची, "बाबा, टेबलाची चौथी खुर्ची तर सोडाच, तिसरीही विकून टाका. कोरी करकरीत आहे, भाव चांगला येईल."

सीमेवरच्या पुलापलीकडे, आधीच्या राज्यात, हे सगळं खपून गेलं होतं. तिथे जेवायच्या सुट्टीचा म्हणून काही कायदा नव्हता; गिऱ्हाइकांची भूक आवरली की आपली भूक आठवायची, एवढाच रिवाज. तिथे ताई हॉलप्रमुख होत्या, आणि त्यांच्या पायाला भिंगरी आहे असं मालक चारचौघांत कौतुकाने सांगायचा. मग नवऱ्याची बदली पुलाच्या अलीकडे झाली. त्याच मालकाचं दुसरं रेस्टॉरंट इथे होतं, म्हणून ताईंनाही काम मिळालं, पण साधं वाढपाचं. भिंतींचा रंग तोच, टेबलांवरच्या निळ्या चौकटी त्याच, सूपसुद्धा त्याच चवीचं. मग काम तरी वेगळं कसं असेल?

मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाही असं नाही. वयाने त्या ताईंच्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणं मऊ, पण शब्द मोजूनमापून. "ताई, या राज्याचे नियम वेगळे आहेत. एप्रन धुऊन देणं आमचं काम. ड्युट्या आठवडाभर आधी सांगायच्या. आणि पाच तास व्हायच्या आत अर्धा तास जेवायची सुट्टी. पूर्ण सुट्टी बरं का. त्यात कामाला हात लावायचा नाही, कामाचं बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मध्ये काम घुसलं की ती सुट्टी मोडली. मग पहिल्यापासून पुन्हा द्यावी लागते."

एप्रनचं ऐकून ताई खूश झाल्या. बाकीचं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

खरं तर त्यांचं सगळं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. इथल्या हॉलप्रमुखाची जागा महिनाअखेर रिकामी होणार होती आणि हॉलप्रमुखाला कायम दिवसपाळी असे. दिवसपाळी म्हणजे संध्याकाळी घरी. नव्या गावात लेक दिवेलागणीला कॉलेजातून येऊन स्वतः कुलूप उघडायची, रिकाम्या घरात दिवा लावायची, आणि आईला फोनवर म्हणायची, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती म्हणायची खरी, पण ताई फोन ठेवून हॉलमध्ये जायच्या तेव्हा हातातल्या ताटात काय आहे हे त्यांना पुन्हा बघावं लागायचं. ती जागा त्यांना हवी होती. जिवापाड हवी होती. आणि जागा हवी तर काम जास्त करून दाखवायचं, हे त्यांचं साधं गणित.

सुट्टीची खोली कोठाराच्या मागे होती. एक बाक, एक टेबल, भिंतीवर घड्याळ, दारात धुरकट काच. ताई तिथे नेमाने जाऊन बसायच्या, पण जाताना काखेत धुतलेल्या रुमालांचा गठ्ठा असायचा. एक घास, एक घडी. अर्ध्या तासात संध्याकाळच्या सगळ्या टेबलांचे रुमाल तयार. आपण किती हुशारीने वेळ वाचवतो, असं त्यांना मनातून वाटायचं.

आणि एके दिवशी कामगार खात्याच्या निरीक्षकबाई फिरत फिरत नेमक्या त्याच खोलीत आल्या. मॅनेजरबाई मागोमाग.

"जेवताय वाटतं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"हो हो, बसा ना!" ताई उठू लागल्या.

"उठू नका. आणि हे रुमाल?"

"हे होय? रिकामं बसवत नाही हो. हातासरशी करून टाकते. आमच्याकडे कोणी सांगत नाही हं, मी माझ्या खुशीने करते. रोज!"

मॅनेजरबाईंचा चेहरा पडला. ताईंना वाटलं, रुमालांची घडी चुकली की काय.

घडी चुकली नव्हती. खात्याकडून रेस्टॉरंटला लेखी ताकीद मिळाली आणि मॅनेजरबाईंनी ताईंना कोठारात नेऊन दार लोटलं.

"मी रागावलेली नाही," त्या म्हणाल्या, आणि ते जास्तच लागलं. "पण हॉलप्रमुखाचं इथलं पहिलं काम काय, ठाऊक आहे? सगळ्यांना वेळेवर सुट्टीवर पाठवणं. तुम्हाला स्वतःलाच बसवत नाही, तर तुम्ही दुसऱ्यांना काय बसवणार? पुन्हा असं झालं तर ती जागा मी तुम्हाला देऊ शकणार नाही."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. काम केलं म्हणून बोलणी खायची! घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला, लेक हसली नाही. तिने तिसरी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. आजपासून सराव."

सराव महाकठीण होता. ताटली बघता बघता रिकामी व्हायची आणि मग घड्याळाचा काटा चिकटून बसायचा. हात वळवळायचे. एकदा तर त्या स्वतःच्या पदराच्याच घड्या घालत होत्या. स्वयंपाकघराचा प्रमुख आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, येता-जाता काचेतून डोकावून विचारायचा, "काय ताई, सुटका कधी?" हा वस्ताद स्वतः कमी नव्हता. सुट्टीवर जायचा, पण दर वेळी मॅनेजरबाईंना त्याला तीनदा हाक मारावी लागायची.

हळूहळू मात्र एक गंमत झाली. घास चावायला वेळ आहे म्हटल्यावर ताई घास चावू लागल्या. इतकी वर्षं वाढलेल्या बटाट्यांवर लोणी असतं आणि त्यात मिरपुडीचा किंचित तिखटपणा असतो, हे त्यांना प्रथमच कळलं. "गाढवाला गुळाची चव काय!" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि एकट्याच हसल्या.

महिना संपता संपता मॅनेजरबाई म्हणाल्या, "उद्या शनिवार. उद्याच्या सगळ्या सुट्ट्या तुम्ही सांभाळा. मी मध्ये पडणार नाही."

शनिवारी दुपारी हॉल आधीच भरलेला. त्यात पोहण्याच्या स्पर्धेहून परतणारा मुलींचा अख्खा संघ दारात उभा राहिला. ओले केस, खांद्यावर पिशव्या, आणि डोळ्यांत अशी भूक की टेबलंसुद्धा खातील. त्यांनी मासे आणि भात सांगितला. आणि घड्याळात बघावं तर वस्तादच्या सुट्टीची वेळ भरत आलेली.

मॅनेजरबाई गल्ल्यापाशी उभ्या होत्या.

पुलापलीकडच्या ताईंनी काय केलं असतं, ते सांगायला नको. इथल्या ताई क्षणभर तिथेच घोटाळल्या, मग स्वयंपाकघरात शिरल्या. "वस्ताद, सुट्टी."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर टोळधाड आलीये!"

"आली तर आली."

"मासे कोण तळणार?"

"तुमच्या हाताखालची मुलगी. तुम्हीच म्हणता ना, पोरगी तयार झालीय म्हणून? का ते नुसतं तोंडदेखलं?"

हाताखालची मुलगी झारा घेऊन पुढे झालीच होती. वस्तादने तिच्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं, आणि पुटपुटला, "तेल जास्त तापू देऊ नकोस."

"वस्ताद, सुट्टी सुरू झाली. कामाचं बोलायचं नाही."

"अरे, ही तर मॅनेजरपेक्षा वाईट!" असं म्हणत तो गेला.

ताई संघाच्या टेबलाशी गेल्या आणि प्रशिक्षकबाईंना सरळ सांगितलं, "मासे यायला जरा वेळ लागेल. आमचे वस्ताद जेवायला बसलेत, कढईवर एकटी मुलगी आहे. तोवर गरम सूप आणि पाव आणते."

प्रशिक्षकबाई हसल्या. "बसू द्या हो. माणूसच आहे तो."

"पाव किती मिळेल?" टोकाची एक मुलगी म्हणाली.

"पोटात मावेल तेवढा!"

सूप गेलं, पाव गेला, पुन्हा पाव गेला. मुलीने तळलेले मासे एकेक करून आले, वस्ताद परतल्यावर भराभर ताटांत येऊ लागले, आणि नेमकी तेव्हा ताईंची स्वतःची वेळ झाली. दोन्ही हातांत ताटं होती. हेच खरं अवघड होतं. दुसऱ्याला बसवणं निराळं आणि ऐन गर्दीत आपण हातातलं सोडणं निराळं. त्यांनी मुकाट्याने ताटं दुसऱ्या वाढणारीच्या हातात दिली, एप्रन काढला आणि स्वतःची ताटली घेऊन सुट्टीच्या खोलीत गेल्या.

भात, एक मासा, लोण्यातले बटाटे. बाहेर मुलींचा कलकलाट. मध्येच काहीतरी खळ्ळकन फुटलं. ताई अर्ध्या उठल्या, बाकाची कड घट्ट धरली आणि पुन्हा बसल्या. कोणीतरी केरसुणी मागितली, कोणीतरी आणली. जग चाललं होतं.

दारावर टकटक झाली आणि मॅनेजरबाईंनी डोकं आत घातलं. चेहरा फुललेला. "ताई, एकच मिनिट, तुम्हाला सांगायचं होतं की पुढच्या महिन्यापासून..."

लेकीला फोन करायचा, कुलूप तू उघडू नकोस म्हणायचं, हे सगळं एका क्षणात ताईंच्या डोळ्यांपुढून गेलं. घास गिळून त्या म्हणाल्या, "मॅडम, कामाचं आहे का?"

"अं? हो. कामाचंच."

"मग नंतर. मी जेवतेय."

मॅनेजरबाई तोंडावर हात ठेवून मागे सरल्या आणि त्यांनी दार अगदी हलकेच ओढून घेतलं.

धुरकट काचेपलीकडे कोणाची तरी सावली येऊन थांबली. मॅनेजरबाईंचा दबका आवाज आला, "आत जाऊ नका. हॉलप्रमुख जेवतायत."

ताईंनी उरलेला बटाटा काट्याने दोन भागांत तोडला, म्हणजे थोडा जास्त वेळ पुरेल.