बाबाच्या गिटारीला जाड तारा

बाळांनो,

परवा तुमचा फोन आला तेव्हा आजोबा मागे गिटार वाजवत होते. धाकटीने विचारलं, "आजी, ही अशी का वाजतेय? बाबा वाजवायचा तेव्हा अशी नव्हती." मी म्हटलं, नंतर सांगते. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. लिहिताना जमतं.

तुमचा बाबा शेवटचा घरी आला होता तेव्हा इथेच, मनीषनगरच्या हॉलमध्ये दिवाणावर बसून त्याने गिटारीला नव्या तारा लावल्या. बारीक, नऊ नंबरच्या. नंबर जितका मोठा तितकी तार जाड, हे मला त्यानेच सांगितलं. उरलेली टोकं त्याने पकडीने तोडली. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी झाडताना माझ्या पायात घुसलं. मग तो तुमच्याकडे परत गेला, आणि पुढच्या वर्षी तिकडेच आपल्याला सोडून गेला. त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी खंडेनवमीला मी गिटार खाली घेतली आणि ओली हळद बोटाने सहाही तारांवरून ओढली, वर कुंकू. दरवर्षी शिवणाच्या मशीनला आणि गिटारीला लावते, तसंच. एरवी लाकडाला लावायची. त्या वेळी तारांना का लावली, ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर आजोबांनी ती वाजवायला घेतली. तरुणपणी ते थोडं वाजवत. पण साखरेमुळे त्यांच्या बोटांची टोकं आता बधिर आहेत. तार कळत नाही म्हणून ते फार दाबत. बारीक तार जास्त दाबली की सूर चढतो. एका संध्याकाळी चहा द्यायला गेले, तर त्यांच्या लेंग्यावर रक्त. तारेने बोट कापलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

"अहो, बोट बघा."

"कोणाचं?" ते म्हणाले.

जाड तारा लावल्या तर कापणार नाही, सूरही चढणार नाही, असं त्यांनी स्वतःच सुचवलं. त्या तारा तुमच्या बाबाने लावलेल्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही ऑटोने बर्डीवर वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने गिटार उजेडात धरली. सहाही तारांवर एका रेषेत गंज होता.

"काकू, गिटारले हळद कोणं लावली? लगन लावून देता का तिचं?"

"दसऱ्याची पूजा असते," आजोबा म्हणाले.

"पूजा लाकडाची करा ना काकाजी. लोखंडाले पानी लावलं तर ते गंजनारच."

त्याने तारा सैल केल्या. तिसरी गंजाच्या जागीच तुटली. मग त्याने बारा नंबरच्या सेटमधली सगळ्यात जाड तार दांडीच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या पट्टीवरच्या खाचेत बसवून पाहिली. बसली नाही.

"खाच कानसीनं मोठी करा लागते. पन मग जुन्या पतल्या तारा यात बसनार नाहीत, नुसत्या झनझनतील. करू का?"

आजोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "राहू दे. आहेत त्याच लाव परत."

"तुटली ना एक, काकाजी."

"मग तशीच दे. मी नाही वाजवत."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मला वाटलं होतं, अशा वेळी आत काहीतरी होईल. काही झालं नाही. पंखा फिरत होता. आजोबांच्या बोटाला पट्टी होती, आणि तिच्याखाली काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, "वाढवा खाच."

"काकाजी?"

"ती म्हणते तसं कर," आजोबा म्हणाले.

कानशीचा आवाज फार नव्हता. खाचेतला पांढरा भुगा त्याने फुंकून टाकला. जाड तारांचा ओढा जास्त असतो, दांडी पुढे वाकते, म्हणून त्याने ती किल्लीने सरळ केली आणि सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून दिल्या. धाकटीला ऐकू आलं ते हेच. तिचा कान बरोबर आहे.

परतताना ऑटोत आजोबा एवढंच म्हणाले, "तू नको म्हणशील असं वाटलं होतं."

"मलाही," मी म्हटलं.

आता ते रोज दिवेलागणीला वाजवतात, आवाज मोठा करायच्या खोक्याला वायर न जोडता. मी आत पोळ्या करते. चुकतात तेव्हा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तुमचा बाबा थांबत नसे, चूक तशीच पुढे नेत असे.

आजोबांचं बोट भरून आलं आहे. गिटार चांगली आहे. बाबाने लावलेल्या तारांपैकी पाच शाबूत आहेत. गोल गुंडाळून, दोऱ्याने बांधून मी त्या शिवणाच्या डब्यात ठेवल्या आहेत.