लाल शाईतला पायथॉन

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वहीत लिहून तपासून घ्यायची असते, हे मला रिसोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमुळे कळलं.

माझी मोठी बहीण मेडशीजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवते. दर महिन्याला लेकरांची वजनं कागदावर मांडून सरासरी काढायचा तिला वैताग आला होता, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी तिनं हा क्लास लावला. मी रिसोडलाच राहते, पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरून करते. तरी ती माझ्याकडे न येता क्लासला गेली, हे मला लागलं होतं. विचारलं तर म्हणाली, "तू शिकवतं कमी अन् हासतं जास्त."

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मात्र ती लॅपटॉप आणि वही घेऊन दारात उभी राहिली. वहीत पानंच्या पानं प्रोग्राम सुवाच्य अक्षरात लिहिलेले. प्रत्येकाखाली सरांची लाल शाईतली बरोबरची खूण, आणि 'छान'. यातला एकही तिनं स्वतः चालवलेला नव्हता. क्लासमध्ये प्रोग्राम फक्त सरांच्या मशीनवर चालायचे, तेही फाईल न करता एकेक ओळ थेट पायथॉनमध्ये टाइप करून. बाकीच्यांनी ते भिंतीवरच्या पडद्यावर बघायचे आणि उतरवून घ्यायचे.

"घरी काहून चालत नाही वं हे?" तिनं विचारलं.

मी बघितलं. तिनं आधी पायथॉन उघडला होता आणि ओळ टाइप करायच्या जागी तो दाखवतो त्या तीन बाणांपुढे फाईल चालवायची कमांड टाइप केली होती. मी हसलेच.

"ताई, ही कमांड पायथॉनच्या आत नाही द्यायची. बाहेर ये, फाईल ज्या फोल्डरात आहे तिथं जा, मग दे."

"सरनं असं काई सांगतलं नाही."

"तुझ्या सरानं सांगितलं तरी काय?"

ती बाहेर आली, योग्य फोल्डरात गेली, कमांड दिली. आता नवी चूक: स्टॅटिस्टिक्स या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, सरासरीचं फंक्शनच सापडत नाही. हे मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, त्यात सरासरी नसेल कशी? मग मी फाईलचं नाव पाहिलं. स्टॅटिस्टिक्स डॉट पीवाय.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"सरनं. जे मॉड्यूल इम्पोर्ट करान, तेच फाईलचं नाव ठेवा म्हने. सापडाले सोपं जाते."

मी कपाळावर हात मारला. पायथॉन मॉड्यूल शोधतो तो आधी आपल्याच फोल्डरात. तिथं त्याला तिचीच फाईल मिळत होती. फाईल स्वतःलाच इम्पोर्ट करत, म्हणजे आत बोलावत, बसली होती. लाल शाईवाल्या महाशयांनी अख्ख्या बॅचला हाच धडा दिला होता. त्यांना मी अर्धा तास नावं ठेवली. ताईनं तेवढ्यात फाईलचं नाव बदलून 'वजन' केलं आणि प्रोग्राम चालवला. एकोणीस लेकरं, सरासरी सतरा किलोच्या वर.

"झालं!" मी म्हणाले.

"काय झालं?" ती माझ्यावरच उखडली. "तीन वर्साची लेकरं हायेत माही. सतरा किलो कायची? तुले एवढंबी दिसत नाही?"

एका ओळीत अकरा पूर्णांक दोनच्या जागी एकशेबारा पडलं होतं, दशांशचिन्ह राहिल्यामुळे. ते तिनं शोधलं. मला आकड्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. सरासरी बारावर आली तेव्हा तिनं मान डोलावली आणि मी चहा ठेवायला उठले.

सोमवारी मी तिच्यासोबत क्लासला गेले. खरं सांगायचं तर सरांची फजिती बघायला. तिनं सर्वांसमोर विचारलं, "सर, मॉड्यूलचंच नाव फाईलले देल्लं तर चालत नाही ना?"

सर म्हणाले, "मॅडम, तुमचा लॅपटॉप जुना आहे."

ती उठली. सरांच्याच मशीनवर जाऊन बसली, त्यांनी सांगितलेल्या नावानं फाईल चालवून दाखवली. चूक आली. नाव बदलून पुन्हा चालवली. उत्तर आलं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे," म्हणाले आणि पुढचा प्रोग्राम फळ्यावर लिहायला लागले.

पण मागच्या बाकावरच्या दोघीजणी वह्या घेऊन ताईकडे सरकल्या. आपलंही घरी चालत नाही, हे दोन महिने कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. ताईनं त्यांना नाव बदलायला लावलं. न हसता.

क्लास तिनं सोडला नाही. सर्टिफिकेट अंगणवाडीच्या सुपरवायझर बाईंना दाखवायचं होतं. नव्या बॅचच्या फळ्यावर आता फाईलचं नाव 'स्टॅटिस्टिक्स वन' असं असतं, तीच सांगत होती. 'वन' कशासाठी, हे सर सांगत नाहीत. त्यांना ते ठाऊक असेल, असं मला काही वाटत नाही.