हलगीखालचं पाणी

स्वारगेटहून साताऱ्याची एसटी निघाली, तरी खंबाटकीचा घाट मागे पडेपर्यंत मी पिशवीतले हेडफोन बाहेर काढले नाहीत. पुण्यात मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. कानाला काही लावायचं टाळावं असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. पण महिन्यापूर्वी फोनवर एक ट्रॅक आला होता. सात मिनिटांचा, करणाऱ्याचं नाव नाही. भर दुपारी स्वयंपाकघरात तो ऐकताना तिसऱ्या मिनिटाला मी उठले आणि दाराची कडी लावली. का लावली, ते मला सांगता येईना.

तो काळ्या ट्रान्सचा तुकडा होता. ट्रान्स म्हणजे एकसारख्या ठोक्यावर भान हरपायला लावणारं, यंत्रावर रचलेलं संगीत. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांनी ते रुजवलं. त्याची एक फांदी युरोपात गेली आणि काळवंडली. धून गळाली, शब्द गळाले, उरली कुजबूज, घरघर आणि छातीवर बसणारा वेगवान ठोका. या ट्रॅकमध्ये मात्र ठोका हलगीचा होता, आणि त्याखाली काहीतरी घोगरं, संथ, जवळ येत जाणारं. तसली हलगी सातारा-सांगलीकडे वाजते. करणारा तिकडचाच असणार म्हणून मी निघाले.

साताऱ्याहून रहिमतपूरला पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. गणपती तोंडावर आलेले. गावात सलीमचाचांची सुतारकामाची वखार आहे. त्यांच्या आजोबांनी बैलगाडीची चाकं केली, चाचा डीजेसाठी बेसचे बॉक्स, म्हणजे स्पीकरची लाकडी खोकी, करतात; त्या ट्रॅकचा माग तिथे लागेल असं वाटलं. वखारीत माणसाच्या उंचीचे बारा बॉक्स ओळीनं उभे होते, अजून आतून रिकामे.

"ह्ये समदं गोव्यास्नं आलं बघा," रंधा थांबवून ते म्हणाले. "आमच्या हितलं ट्रक ड्रायव्हर पेनड्राइव्हमधी घिऊन यायचं. मग कुनी त्यात हलगी घातली, कुनी संबळ. आता गावागनिक न्यारी ट्रान्स हाय."

मी त्यांना फोनवर तो ट्रॅक ऐकवला. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"बंद करा ताई. ही इस्लामपूरच्या प्रसादची. त्यानं हितं बॉक्स तपासताना लावलेली. माझं कुत्रं दोन दिस वखारीत यीना झालं."

"भीती वाटते तुम्हाला?"

"लाकडात हात घातलेला मानूस मी, भ्यायचो न्हाई. पर ते ऐकलं की पाय वर घ्यावंसं वाटत्यात," ते म्हणाले आणि प्रसादचा पत्ता लिहून दिला.

कराडला इस्लामपूरची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात परत पुण्याला जावं असं दोनदा मनात येऊन गेलं.

प्रसादचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तो दिवसभर नवी तार गुंडाळतो आणि उरल्या वेळात मागच्या खोलीत संगणकावर ट्रॅक करतो. तिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं आग्रहानं डबा पुढे केला. जोंधळ्याची भाकरी आणि दोडक्याचं कोरड्यास (भाकरीशी खायचं कालवण). जेवता जेवता मी विचारलं, "हलगीच्या खाली काय आहे?"

त्यानं तोडलेला घास कोरड्यासात बुडवला.

"पानी हाय, ताई. सांगलीला नदीकडंच्या गल्लीत आमचं घर. पूर आला तवा मी आन आई दोन दिस माडीवर अडकलो. पानी जिन्यातनं एकेक पायरी चढायचं. अंधारात दिसायचं न्हाई, नुसतं ऐकू यायचं. मी फोनवर रेकार्ड केलं. म्हटलं, मेलो तर कुनाला तरी कळंल आवाज कसा असतोय."

"आणि मग ट्रॅक का केलात?"

"कानातनं जाईना. म्हटलं, मशीनमधी घातलं तर जाईल."

"गेलं?"

"न्हाई. आता लोकांच्या कानात बी हाय, एवढंच." त्यानं घास खाल्ला. "युरोपातली तसली गानी मी नंतर ऐकली. वाटलं, त्येंच्याकडं बी कुनीतरी असंच कायतरी ऐकलं असंल."

त्या दिवशी दुपारी सांगलीत त्याच्याच गल्लीच्या मंडळासाठी नवे बॉक्स वाजवून बघायचे होते. मीही त्याच्या गाडीतून गेले. कृष्णा गढूळ होती, घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. नाक्यावर दोघे म्हातारे त्याच गोष्टीवर बोलत होते, धरणातून किती सोडलं म्हणून. प्रसादचं घर मंडळानं रचलेल्या बॉक्सच्या भिंतीपासून चार घरं पलीकडे. त्याची आई सोप्यात (पुढच्या ओसरीत) माळवं, म्हणजे भाजी, निवडत बसली होती. मला बघून हसली.

"आईनं तो ट्रॅक ऐकलाय?" मी विचारलं.

"न्हाई. आन मी त्यो लावनार बी न्हाई. साधी हलगी लावतो."

त्यानं साधी हलगीच लावली. गल्लीतल्या पत्र्यांना कंप सुटला, काही बायका कानावर हात ठेवून हसल्या. ती संपली आणि यादीतला पुढचा ट्रॅक आपोआप सुरू झाला. प्रसाद तेव्हा शेवटच्या बॉक्समागे वाकून वायर बघत होता.

पहिल्यांदा जमीन हलली. पायातून घरघर वर चढली, पोटात आली. मग हलगी तुटली आणि नुसतं पाणी उरलं, एकेक पायरी चढणारं. गल्लीत कुणी ओरडलं नाही. एका बाईनं भाजी खाली टाकून गॅसची टाकी उचलली. समोरच्या घरातून दोघांनी एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून जिन्याकडे नेलं. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "आलं."

तो आवाज खऱ्या पाण्याचा नाही, ट्रॅकमधला आहे, हे त्या गल्लीत प्रसादखेरीज फक्त मला ठाऊक होतं. तरी मी पळाले. प्रसादच्या घरात शिरले आणि जिना चढू लागले. मधल्या पायरीवर त्याची आई बसली होती, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रं छातीशी धरून. तिला उठता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे हात केला. मी तिला ओलांडून वर गेले.

माडीवर पोचल्यावर आवाज बंद झाला. खाली प्रसाद धावत आला आणि आईपुढे बसला.

"पानी कुठवर आलं रं?" तिनं विचारलं.

"न्हाई आलं, आई. त्यो माझा ट्रॅक हाय. त्या वक्ताला मी फोनवर धरून ठिवला व्हता आवाज."

तिनं कागदपत्रांची पिशवी पायरीवर ठेवली. रागावेल, हात उगारेल असं मला वाटलं.

"म्हंजी तुला बी येतोय ऐकू?" ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच याड लागलंय. म्हनून कवा बोलले न्हाई."

प्रसादनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी वरच्या पायरीवर उभीच. खाली उतरायचं तर पुन्हा तिच्याजवळूनच जावं लागणार होतं. शेवटी उतरले, तिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी हात द्यायला हवा होता."

"मागल्या पुरात मी बी शेजारनीला तशीच ठिवून वर गेलेली," ती म्हणाली. "ती वाचली. पर अजून माझ्याशी बोलत न्हाई."

संध्याकाळी प्रसाद घरोघर जाऊन हात जोडून आला. टाकी उचललेल्या बाईनं त्याला चहा दिला, खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या मुलानं दार उघडलं नाही. यादीतून तो ट्रॅक त्यानं माझ्यासमोर काढला. फोनवरचं मूळ रेकॉर्डिंग मात्र पुसलं नाही. म्हणाला, आईला एकदा नीट ऐकायचं हाय, आमी दोघं मिळून ऐकू.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. घरच्यांनी विचारलं, सापडलं का त्या संगीताचं मूळ? मी त्यांना गोव्याचं सांगितलं, युरोपाचं सांगितलं, पेनड्राइव्ह आणि हलगीचं सांगितलं. सगळ्यांना ऐकायला आवडलं. जिन्यातलं कुणालाच सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.